नर्सेस युनियनमध्ये नाव द्यावं का? प्रोबेशनचे चार महिने बाकी आहेत

ऐरोलीची_नाइटवाली
नमस्कार सगळ्यांना. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, नवी मुंबईत एका प्रायव्हेट हॉस्पिटलला आठ महिने झाले, १५० बेडचं आहे. नाइटला दोघी मिळून अठ्ठावीस पेशंट बघतो, परवा तर दुसरी आलीच नाही, सकाळी हँडओव्हर देऊन निघते तर इन्चार्ज म्हणतात मॉर्निंग पण कर स्टाफ नाहीये. डबलचे पैसे नाहीत, कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, देऊ म्हणतात तो रोस्टरवर कधी उगवतच नाही. पगार १९ हजार. आता सीनियर सिस्टर लोक युनियन करतायत, बाहेरचे एक दादा येतात, रबाळे स्टेशनबाहेर टपरीवर मीटिंग झाली, महिना ५० रुपये वर्गणी आणि फॉर्मवर सही. माझं मन आहे पण सासूबाई म्हणतात आधी कायम हो मग काय ते कर. त्यात ओरिजिनल सर्टिफिकेटं जॉइन होतानाच एचआरने ठेवून घेतलीत. कोणी गेलंय का युनियनमध्ये, खरं खरं सांगा प्लीज.

कळव्याची_मावशी
अगं सर्टिफिकेटं आधी बाहेर काढ. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशन रिन्यूअलला लागतायत म्हण, बँकेला हवीयत म्हण, काहीही म्हण पण हातात घे, युनियनचं नंतर बघू. ती त्यांच्या कपाटात असताना तू कुठल्या तोंडाने भांडणार?
मी सरकारी, त्यामुळे आमचं वेगळं. मे २०२२ ला कंत्राटी भरतीच्या विरोधात राज्यभर संप झाला तेव्हा आम्हीही बसलो होतो, पण आम्हाला एका दिवसात घरी कोण पाठवणार होतं, तुम्हाला पाठवतात. आणि एक, टीएनएआयचं (ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया) कार्ड आहे म्हणजे आपण युनियनमध्ये आहोत असं बऱ्याच मुलींना वाटतं. ती १९०८ ची जुनी संस्था आहे, चांगली आहे, पण तुझ्या रोस्टरसाठी मॅनेजमेंटसमोर बसणारी ती युनियन नव्हे.

घोडबंदर_ब्रदर
मी गेलोय, तोंड पोळलंय, म्हणून लिहितो. आधीच्या हॉस्पिटलला चाळीस जणांनी सह्या केल्या, पहिल्या मीटिंगला नऊ जण. बाहेरचा नेता दोनदा केबिनमध्ये जाऊन आला, काय बोलला कोणाला माहीत नाही, मग पाचशे रुपये वाढले आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्या दोघांची ओपीडीतून कॅज्युअल्टीला बदली, कायम नाइट. पावती मागितली तर म्हणे विश्वास नाही का.
तरी मी युनियनच्या विरोधात नाही हां. टीएनएआयच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली होती, २०१६ ला तिने लिहून दिलं की १०० ते २०० बेडच्या हॉस्पिटलमध्ये नर्सचा पगार सरकारी नर्सपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नको, आणि ५० बेडच्या आतल्या छोट्या नर्सिंग होमलाही निदान २० हजार. ताई तुझ्या १५० बेडमध्ये १९! शिफारस नुसती कागदावर राहते, मागायला माणसं लागतात. केरळात नर्सेसनी युनियन करून, संप करूनच पगार वाढवून घेतले.

कोर्टनाक्याचा_क्लार्क
कामगार कोर्टाच्या वकिलांकडे टायपिंग करतो, रोज असली प्रकरणं बघतो. युनियनमध्ये गेली म्हणून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, कायदा तुमच्या बाजूने आहे. पण प्रोबेशनवाल्याला काढताना कोणी युनियन असं लिहीत नाही, 'काम समाधानकारक नाही' एवढी एक ओळ असते, आणि ती खोटी आहे हे सिद्ध करायला वर्षं जातात.
२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. एकापेक्षा जास्त युनियन असल्या आणि मॅनेजमेंटशी वाटाघाटीला एकटीच बसायचं असेल तर ५१ टक्के कामगार तिचे सभासद हवेत. म्हणजे तुमचे वॉर्डबॉय, आया, टेक्निशियन यांना बाहेर ठेवून फक्त सिस्टरांचं गणित कसं जमणार हे त्या दादांना विचारा. रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट दाखवा म्हणा. सभासद झाल्यावर हिशोबाची वही बघायचा हक्क असतो, ती दाखवायला कुरकुर करणारा असेल तर लांब राहा. आणि इन्चार्ज सिस्टरच्या भरवशावर राहू नका, सुपरवायझरचं काम आणि १८ हजारांवर पगार असेल तर त्या या कायद्यात बहुतेक बाबतीत कामगार धरल्या जात नाहीत.

वाशी२८
५० रुपयात वडापाव पण दोनच येतात, युनियन काय येणार 😄

कळव्याची_मावशी
हसा. डबल ड्युटी करून घरी जाताना लोकलमध्ये उभ्याने झोप लागली ना की कळेल.

ऐरोलीची_नाइटवाली
सगळ्यांना थँक्यू. ब्रदर, तुमचं वाचून खरं सांगू तर घाबरले. काल बँकेचं कारण सांगून सर्टिफिकेटं मागितली, एचआरवाली म्हणाली अर्ज लिहा आठ दिवसांत देऊ. अर्जाची झेरॉक्स घेतली, तिच्यावर आवकचा शिक्का मारून घेतला, मावशी तुमच्यामुळे सुचलं. फॉर्म पर्समध्ये आहे, सही नाही केली अजून. पण आमच्या फ्लोअरच्या सहाजणींनी ठरवलंय की रविवारी टपरीवर एकत्रच जायचं आणि रजिस्ट्रेशनचा कागद आणि वॉर्डबॉय लोकांचं काय हे दोन्ही आधी विचारायचं. रविवारी मला नाइट लागलीय, बदलून मिळते का बघते.