चर्चा: गणिती मॉडेलिंगचा (खरा प्रश्न गणितात मांडून सोडवण्याचा) आत्मविश्वास छात्राध्यापकांना येणार कुठून?

मूळ मांडणी (गणित अध्यापन पद्धतीचा प्राध्यापक, लातूर)

आमच्या एका छात्राध्यापिकेने आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, नववीला पाठ घेतला. शाळेचे छत २०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर या हिशेबाने १,४०,००० लिटर पाणी होते. त्यातले वीस टक्के वाया गेले असे मानून उरलेले १,१२,००० लिटर दीडशे मुलांना रोज पाच लिटरप्रमाणे १४९ दिवस पुरते. उत्तर फळ्यावर उतरले तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आपली टाकी तर दहा हजाराचीच हाय की!" त्या छात्राध्यापिकेने तो प्रश्न टाळला आणि नंतर मला सांगितले, "सर, पाठ फसला."

माझ्या मते पाठ तिथे सुरू झाला होता. गृहीतक चुकल्याचे कळणे, ते बदलून पुन्हा हिशेब मांडणे आणि आलेले उत्तर वास्तवाशी ताडून पाहणे हेच मॉडेलिंग आहे. गणितात उत्तर एकच असते आणि ते शिक्षकाला आधीच ठाऊक असते, ही धारणा घेऊन मुले बी.एड.ला येतात, आणि आम्हीही ती फारशी हलवत नाही. स्वतः काम करून मिळालेल्या यशाचा अनुभव हा आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम स्रोत असतो, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले. मग जिने स्वतः एकही मॉडेल मांडलेले नाही, तिला तो व्याख्यानातून कसा मिळावा?

प्रतिसाद (जिल्हा परिषद शिक्षक, बीड)

सर, आपण पाठ निरीक्षणाला मागे बसता, वर्ग आम्हाला सांभाळायचा असतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत निम्मी मुले चौरस मीटर आणि मीटर यांतच अडकतात. केंद्रीय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीनेसुद्धा दहावीच्या पुस्तकात मॉडेलिंगचा विषय परिशिष्टात ठेवला होता, यावरून काय ते समजावे. त्या बाईंची भीती ही चुकीची धारणा नव्हे, व्यवस्थेचे अचूक वाचन आहे. आधी आशय पक्का होऊ द्या.

प्रतिसाद (छात्राध्यापिका, परभणी)

गुरुजी, माझा आशय पक्का आहे. पदवीला मी विकलक समीकरणे सोडवली, पण कोणती गोष्ट धरायची आणि कोणती सोडायची हे मला आजवर कुणी विचारले नाही. आणि सर, पाठ टाचणात 'अपेक्षित उत्तर' हा रकाना आपल्याच महाविद्यालयांनी ठेवला आहे. त्याबाहेर गेल्यास गुण कापणारे कोण असतात?

मूळ लेखक

रकान्याचा आक्षेप मान्य; मीही गुण कापले आहेत. परंतु गुरुजी, आशयाची वाट पाहत थांबणे मला पटत नाही. भरलेली टाकी जेमतेम १३ दिवस पुरते, आणि मग दोन पावसांमधला खंड किती दिवसांचा असतो हा पुढचा प्रश्न येतो, जो आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावा लागत नाही.

जिल्हा परिषद शिक्षक, बीड

खंडाचे खरे आहे. पण एकाने १३ लिहिले आणि दुसऱ्याने खंड धरून वेगळेच लिहिले, तर सहामाहीला दोघांना गुण कसे द्यायचे, तेवढे सांगा.