चॅनलची नोट: पाळायची, टोलवायची की सरळ उठून जायचं?

तिसरी घंटा
'चॅनलने चांगल्या फिल्मची माती केली' हे आपण इतकं सहज बोलतो की समोरच्याचंही काही म्हणणं असेल हे कुणी धरतच नाही. म्हणून चॅनलच्या नोटवरून, म्हणजे 'हे बदला, ते काढा' या सूचनेवरून झालेलं एक जुनं प्रकरण चर्चेला घेतो.

अमेरिकेतल्या एबीसी चॅनलने २० नोव्हेंबर १९८३ ला 'द डे आफ्टर' ही टीव्ही-फिल्म दाखवली. कॅन्सस राज्यावर अणुबॉम्ब पडतात आणि लॉरेन्स गावच्या परिसरातली साधी माणसं त्यानंतर कशी खंगत जातात, एवढीच गोष्ट. कल्पना चॅनलच्याच ब्रँडन स्टॉडर्ड यांची, दिग्दर्शक निकोलस मेयर. चॅनलचा बेत दोन रात्री, चार तासांचा. मेयरचं म्हणणं, यात एवढा ऐवजच नाही, एका रात्रीत संपवा. चॅनल ऐकेना, कारण दोन रात्री म्हणजे जाहिरातींचा वेळही तेवढाच जास्त. पुढे विषय बघून जाहिरातदारच काढता पाय घ्यायला लागले आणि एक रात्र चॅनललाही पटली! पण मेयरची आवृत्ती होती साधारण तीन तासांची. मग आणखी कापा, हे काढा, ते काढा. मेयर बाहेर पडला. दुसऱ्यांनी कापून पाहिलं, ते कुणालाच रुचलं नाही. शेवटी मेयरलाच बोलावून तडजोड झाली. फिल्म दोन तासांच्या जरा वर गेली आणि सुमारे १० कोटी लोकांनी पाहिली.

माझं मत: मेयर उठून गेला तिथे चुकला. एडिट टेबलवर आपण बसलेलो असतो तोवरच आपल्या शब्दाला वजन. शिवाय मूळ 'छोटं करा' त्याचंच होतं. चॅनल उशिरा का होईना त्याच्याच मताला आलं, तर हा आता तीन तासांसाठी भांडतोय.

रेवती_क
साफ असहमत. तो गेला म्हणूनच त्याच्याशिवाय फिल्म कापता येत नाही हे चॅनलला कळलं. बसून राहिला असता तर रोज एक सीन गेला असता आणि कटवर नाव मात्र त्याचं.

आणि काय कापायला लावलं तेही सांगा ना. एक लहान मूल अणुहल्ल्याचं स्वप्न पडून किंचाळत उठतं, तो सीन गेला. कारण? मुलं घाबरतील. अख्खं कॅन्सस जळताना दाखवणार, त्यात आकाशात ढग उठल्यावर माणसांचे सांगाडे होताना दाखवणार, आणि स्वप्न मात्र भीतीदायक! बाकीच्या रात्री त्याच टीव्हीवर किती मारामारी चालते, हे मेयरने तेव्हाच सुनावलं होतं.

कोपऱ्यातलं टेबल
मालिकांमध्ये असिस्टंट डिरेक्टर आहे, चॅनल कुठलं ते सांगत नाही. आमच्याकडे उठून जायची चैन नाही. एपिसोड रात्री ऑन-एअर आणि नोट दुपारी येते.

पण एक गोष्ट शिकलोय. 'पेस स्लो वाटतोय', म्हणजे गती संथ आहे, ही नोट आली की नव्वद टक्के लोक सीन कापायला बसतात. बऱ्याचदा दुखणं वेगळंच असतं: हा सीन कुणाचा, कुणाला काय हवंय, हेच प्रेक्षकाला कळलेलं नसतं. आमचे एक दिग्दर्शक आधीच्या सीनमध्ये एक वाक्य टाकतात, हा सीन आहे तसा ठेवतात आणि परत पाठवतात. उत्तर येतं, 'आता पेस मस्त.' नोट पाठवणाऱ्या चॅनलच्या क्रिएटिव्हला दुखतंय हे खरं असतं, औषध मात्र त्याला विचारू नये.

रेवती_क
@टेबल, हे आवडलं, पण दर वेळी दुखतच असतं असं नाही. 'ड्युएल' ही टीव्ही-फिल्म घ्या. १९७१, तेही एबीसीच. एक ट्रक एका साध्या माणसाच्या कारमागे लागतो, शेवटी दरीत कोसळतो. चॅनलला तिथे स्फोट हवा होता. दिग्दर्शक स्पीलबर्ग २४ वर्षांचा, नाव नाही, गाव नाही, तरी हटला नाही. ट्रक आपला लोळत, कण्हत, सावकाश मरतो. तो शेवट लोकांच्या अजून लक्षात आहे. चॅनलच्या त्या नोटमागे दुखणं-बिखणं काही नव्हतं, सवय होती.

अण्णा ठाणेकर
सगळे मिळून चॅनलला झोडपताय, म्हणून विरुद्ध पारड्यात थोडं टाकतो. जाहिराती नसलेलं, लोकांच्या पैशावर चालणारं चॅनल शूर असतं, असा एक भाबडा समज आहे. ब्रिटनच्या बीबीसीने दिग्दर्शक पीटर वॉटकिन्सकडून 'द वॉर गेम' करून घेतली, विषय हाच, अणुहल्ला. १९६५ मध्ये ती दाखवायचीच नाही असं ठरलं. तिला ऑस्कर मिळालं, तरी टीव्हीवर यायला १९८५ उजाडलं. वीस वर्षं! तिथे नोट नव्हती, वाटाघाट नव्हती, थेट कपाटात. इकडे धंदेवाईक एबीसीने जाहिरातदार गेलेले सोसले, बॉम्ब पडल्यानंतर एकही जाहिरात घेतली नाही, आणि लगेच माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन वगैरेंना बसवून चर्चा घडवली. मेयरचं भांडण मला मान्य, पण भांडायला समोर कुणीतरी उभं होतं हे विसरू नका.

फावला वेळ
+१. आपल्याकडे १९८८ ला दूरदर्शनवर फाळणीवरची 'तमस' आली तेव्हा बंदीची मागणी थेट कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयानेही ती फेटाळली. गोविंद निहलानींचं काम तसंच दिसलं, कारण दाखवणारा मागे हटला नाही.

रेवती_क
अण्णा, मुद्दा चांगला, पण 'निदान कपाटात तरी नाही टाकली' हा दिग्दर्शकाने मानायचा उपकार नाही. चॅनलची स्वतःची कल्पना होती ती.

तिसरी घंटा
रेवती, अजून एक नोट होती, चॅनलची नव्हे, अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. शूटिंगला लष्कराची मदत हवी तर पहिला हल्ला सोव्हिएतांनी केला हे स्पष्ट दाखवा. मेयरने तेवढं केलं नाही, लष्कराची जुनी फुटेज वापरून भागवलं, आणि एबीसीने कुणी सुरुवात केली ते मोघम ठेवूनच दाखवलं. मला ही त्याची खरी लढाई वाटते. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष रीगन यांनी प्रसारणाआधीच कॅम्प डेव्हिड या अध्यक्षांच्या विश्रामस्थानी फिल्म पाहून डायरीत आपण फार खिन्न झालो असं लिहिलं. दोष सोव्हिएतांवर ढकलला असता तर ते खिन्न झाले असते की खूश? स्वप्नाचा सीन सोडला तरी चालतं, हे सोडून चालत नाही.

कोपऱ्यातलं टेबल
हे मान्य. फक्त कुठला सीन सोडायचा हे दुपारी चार वाजता, फोन चालू असताना ठरवायचं असतं. निघतो, नोट आली आहे.