सोलापूर, विजापूर, बदामी: काटकसरीच्या प्रवासात अनोळखी लोकांचा पाहुणचार किती गृहीत धरावा?

प्रश्न: होटगीकर

परीक्षा संपल्यावर आम्ही दोन मैत्रिणी आणि दोन मित्र सोलापुराहून विजापूर, बदामी आणि कूडलसंगम असा प्रवास करणार आहोत. चौघांचेही पैसे घरून मागितलेले नसून शिकवण्यांतून साठवलेले आहेत, त्यामुळे हात आखडता घ्यावा लागणार आहे. खर्चाचा अंदाज मांडताना मात्र आमच्यात मतभेद झाला. एका मित्राचे म्हणणे असे की मठांतील दासोहात, म्हणजे सर्वांसाठीच्या पंगतीत, जेवण मिळते, रात्री कोणी ना कोणी आसरा देतोच, तेव्हा या दोन बाबींसाठी पैसे बाजूला काढण्याचे कारण नाही. त्याच्या या विश्वासाला आधार आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही नळदुर्गला गेलो होतो. पाणीमहालावरून कोसळणारे नर आणि मादी धबधबे पाहण्यात संध्याकाळ झाली, परतीची गाडी निघून गेली आणि एका शेतकरी कुटुंबाने आम्हाला पडवीत झोपायला जागा दिली, पिठले-भाकरी वाढली आणि सकाळी देऊ केलेले पैसे घेण्यास साफ नकार दिला. असा पाहुणचार पुन्हा मिळेल असे धरून निघणे योग्य आहे का? आणि पैसे नाकारणाऱ्या माणसाची परतफेड कशी करावी?

उत्तर: जुना पासधारक

आधी खर्चाचे बोलू, कारण तो नीट मांडला तर आसरा शोधण्याची वेळ सहसा येतच नाही. सोलापूरहून होटगीमार्गे विजापूर, बागलकोट, बदामी असा सरळ लोहमार्ग आहे, त्यामुळे अनारक्षित डब्याचे तिकीट काढून जाणे सर्वांत स्वस्त पडेल. स्थानकावरील विश्रामकक्षाच्या भरवशावर मात्र राहू नका. त्यासाठी सामान्यतः आरक्षित तिकिटाचा पीएनआर मागतात. एसटीने जाणार असाल तर महिलांना मार्च २०२३ पासून मिळणारी ५० टक्के सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते आणि कर्नाटकातील महिलांचा मोफत प्रवास तेथील रहिवाशांपुरता आहे, म्हणून सीमेपलीकडे दोघी मैत्रिणींचे पूर्ण भाडे धरा. बदामीचे स्थानक गावापासून सुमारे पाच किलोमीटर दूर आहे. तेथून चौघांनी मिळून रिक्षा करावी. मुक्काम बदामीतच ठेवून पट्टदकल आणि ऐहोळे बसने पाहून परत यावे, म्हणजे रोज नवी खोली शोधावी लागत नाही. जेवणासाठी त्या भागातल्या खानावळींत ज्वारीची रोटी, एणगाई (भरली वांगी) आणि शेंगांची चटणी मिळते. सोलापूरकराला ते परके वाटणार नाही आणि महागही पडणार नाही.

उत्तर: बाळीवेशीतली

दासोहाविषयी थोडे सांगते, कारण आमच्या घरी तो शब्द लहानपणापासून ऐकला आहे. दासोह म्हणजे गरिबांसाठी काढलेली सोय नव्हे. श्रीमंत आणि निर्धन एकाच पंगतीत बसतात, म्हणून तुम्ही तेथे जेवलात तर त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. अक्कलकोटच्या अन्नछत्रातही तसेच आहे. पानात लागेल तेवढेच घ्यावे, जमल्यास वाढायला उभे राहावे आणि दानपेटीत ऐपतीप्रमाणे टाकावे. मात्र मठ आणि घर यांत फरक करा. मठात शेकडोंच्या पंगतीची व्यवस्था असते, तर घरात अचानक चार माणसे वाढली की दुसऱ्या दिवसाच्या पिठाचा हिशेब बदलतो, आणि यजमानीण ते कधीही बोलून दाखवत नाही. तुमच्या मित्राला एवढे सांगा की मिळालेला पाहुणचार आनंदाने घ्यावा, पण त्याला खर्चाच्या वहीत जमेच्या बाजूला लिहू नये.

परतफेडीचे म्हणाल तर मोठ्यांच्या हातात नोटा देऊ नका, ते अपमान समजतात. निघताना घरातल्या लहान मुलाच्या हातावर खाऊसाठी म्हणून काही ठेवावे. ते सहसा कोणी परत करत नाही. नळदुर्ग सोलापूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे, तेव्हा सणाच्या सुमारास एकदा मुद्दाम जाऊन या. पैशांपेक्षा ते त्या कुटुंबाला अधिक आवडेल.

उत्तर: वाखरीचा

मी यजमानाच्या बाजूने लिहितो. आषाढीच्या आधी पालख्यांचा मुक्काम वाखरीत असतो आणि आमच्या घरी वर्षानुवर्षे एकाच दिंडीतले वारकरी उतरतात. त्यांना कोणी अनोळखी म्हणत नाही. ते कोणत्या तिथीला येणार हे ठाऊक असते, त्यामुळे धान्य, सरपण आणि अंथरुणे आधीच जमवलेली असतात. रात्री दहा वाजता दार वाजवणाऱ्या चौघांचे तसे नसते. घरात सून आणि मुली असतात, गडीमाणूस कामानिमित्त बाहेर असतो, आणि नाही म्हणणेही जिवावर येते. खरोखरच अडचण आली तर अंधार पडण्यापूर्वी विचारा, आधी देवळात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा, आपले नाव-गाव सांगा आणि ओळखपत्र न मागता दाखवा. जागा मागावी, जेवण मागू नये. दिले तर गोष्ट वेगळी. तुमच्याबरोबर दोन मुली आहेत, म्हणून एका रात्रीच्या खोलीइतके पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्याला कोणत्याही कारणाने हात लावू नका.

होटगीकर

सर्वांचे आभार. वेगळ्या पाकिटाची सूचना मित्रानेही मान्य केली आहे, अर्थात पाकीट माझ्याकडे राहील या अटीवर. आता कोणाच्या घरी उतरण्याची वेळ आलीच तर द्यायला सोबत सोलापुरी चादर न्यावी असे वाटते. ती योग्य होईल का?

बाळीवेशीतली

चादर पाठीवरच्या पिशवीत जड होईल. दोन टॉवेल आणि शेंगांच्या चटणीची पाकिटे घ्या. कोणाकडे उतरावे लागले नाही, तर चटणी गाडीत तुम्हालाच उपयोगी पडेल.