शंका घ्यायला मुभा किती, आणि ठाम कुठे राहायचं? (तरुण संघाचा बायबल वर्ग, मिरज)

मिरजेची_ताई (प्रश्न)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत तरुण संघाचा बायबल वर्ग दर शुक्रवारी संध्याकाळी भरतो. बारा-पंधरा मुलंमुली येतात, बरीचशी नर्सिंग शिकणारी. मोबाइलवर ती जी शिकवण ऐकतात तिचा सूर साधारण असा: खात्री म्हणजे अहंकार, उत्तरापेक्षा प्रश्न मोठा, प्रत्येकाची आपापली कथा असते आणि त्यावर एकच कथा लादायची नाही. उलट पास्टोरेट कमिटीतली (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतली) वडीलधारी माणसं म्हणतात, शंका काढणं म्हणजे सैतानाला दार उघडून देणं.

आठ शुक्रवारांची मालिका घ्यायची आहे. कशावर ठाम राहायचं, काय मोकळं सोडायचं, आणि प्रत्यक्ष वर्ग कसा चालवायचा? ‘समतोल ठेवा’ एवढंच सांगू नका, कृपया नेमकं सांगा.

कृष्णाकाठचा_पाळक

ताई, मुलं ऐकतात त्या शिकवणीला ‘उत्तर-आधुनिक’ म्हणतात, पण त्या शब्दापासून सुरुवात करू नका, दोन शुक्रवार व्याख्येतच जातील. पहिल्या दिवशी करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५, ओवी १ ते १९ मोठ्याने वाचायला लावा. प्रेषित पौल तिथे दोन गोष्टी करतो. पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी उठलेल्या ख्रिस्ताचं दर्शन झालं, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो लिहितो. म्हणजे ‘जाऊन विचारा’ असं म्हटल्यासारखंच झालं. पुढे १४व्या आणि १७व्या ओवीत तर तो स्वतःच सांगून टाकतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वास व्यर्थ. आपला विश्वास नेमका कुठे कोसळू शकतो हे प्रेषित स्वतः दाखवतो आणि तरीही तिथे पाय रोवून उभा राहतो. ठामपणा आणि पडताळणी एकाच परिच्छेदात आहेत, हे मुलांना त्यांच्या डोळ्यांनी दिसू द्या.

मग तीन थर पाडा. पहिल्यात पौल ‘मुख्य गोष्ट’ म्हणून सांगतो ते: ख्रिस्ताचं मरण, पुरलं जाणं, पुनरुत्थान; आणि निकायेच्या विश्वासांगीकारात (विश्वासाच्या जुन्या सामायिक कबुलीत) सगळ्या मंडळ्या मिळून जे म्हणतात ते. इथे वर्ग घेणारा ठाम असावाच. दुसऱ्यात जिथे मंडळ्या-मंडळ्यांत फरक आहे ते. उदाहरण घरचंच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा सहा परंपरा एकत्र आल्या. काहींकडे बालबाप्तिस्मा होता, काहींकडे फक्त विश्वास कबूल करणाऱ्याचा. एकाला खोटं ठरवून दुसरा ठेवला नाही, दोन्हींना जागा दिली. तिसऱ्या थरात शेवटच्या काळाचं वेळापत्रक, सृष्टीचे सहा दिवस किती तासांचे, असले विषय येतात. इथे ‘मला असं वाटतं’ एवढंच म्हणा.

बिघडतं ते थर उलटे झाल्यामुळे. वडीलधारे तिसऱ्या थरातल्या गोष्टी पहिल्यात घालतात. मुलाला तिसऱ्यातली एक चुकीची वाटली की सगळंच खोटं वाटायला लागतं. मोबाइलवरचे शिक्षक पहिल्या थरातल्या गोष्टी तिसऱ्यात ढकलतात, आणि मग रडणाऱ्या माणसाला सांगायला हातात काहीच उरत नाही.

वर्ग ७५ मिनिटांचा ठेवा. २० मिनिटं वाचन, एकच उतारा, दोन वेगळ्या आवाजांत. ५ मिनिटं शांतता. या वेळात प्रत्येकाने आपला प्रश्न बिननावाच्या चिठ्ठीवर लिहायचा, पण चिठ्ठीत ओवीचा क्रमांक हवाच. ३० मिनिटं चिठ्ठ्या. पाचपेक्षा जास्त घेऊ नका, उरलेल्या पुढच्या आठवड्याला. १० मिनिटं तुमचं बोलणं, शेवटची १० मिनिटं स्तोत्र आणि प्रार्थना. ओवीच्या क्रमांकाची अट सोडू नका. ती नसली की चर्चा उताऱ्यावरून घसरून कालच्या व्हिडिओवर जाते, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालतं.

वाईचा_वाचक

पाळकसाहेबांचे तीन थर चांगले आहेत, पण एक गोष्ट आधी वेगळी करायला हवी. उत्तर-आधुनिक शिकवणीत दोन धागे आहेत आणि मुलं ते एकत्र ऐकतात.

एक धागा असा: ज्यावर शंकाच घेता येणार नाही असा पाया सापडेपर्यंत काहीच मानायचं नाही, हा आग्रह माणसाला झेपणारा नाही. हा आग्रह बायबलमधून आलेला नाही, तो सतराव्या शतकात तत्त्वज्ञ देकार्तपासून आला. मदुराईत बिशप राहिलेले लेस्ली न्यूबिगिन हेच सांगत. वैज्ञानिकसुद्धा आधी कशावर तरी भरवसा टाकतो, मग तपासतो, हा मुद्दा त्यांनी रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी यांच्याकडून घेतला. हा धागा मंडळीने मनापासून स्वीकारावा. विश्वास म्हणजे गणिताची सिद्धता नाही. ज्याने बोलावलं त्याच्यावर टाकलेला भरवसा आहे, आणि तो टाकूनही प्रश्न विचारता येतात.

दुसरा धागा फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारच्या १९७९च्या मांडणीतून पसरला: सगळ्यांना कवेत घेणाऱ्या मोठ्या कथांवर अविश्वास. त्यामागचं दुखणं खरं आहे. मोठ्या सत्याच्या नावाखाली सत्ता गाजवली गेली, हे आपल्याकडे जातीमुळे गावकुसाबाहेर राहिलेल्यांना कुणी समजावून द्यायला नको. पण त्यावरून ‘कोणतीच कथा सर्वांसाठी खरी नाही’ असा निष्कर्ष काढला, तर ते विधानही सर्वांवर लादलेलं एक मोठं विधानच होतं. शिवाय शुभवर्तमानातल्या कथेच्या केंद्रस्थानी सत्ताधीशांनी वधस्तंभावर मारलेला माणूस आहे. सत्तेच्या भाषेविरुद्ध ती कथा स्वतःच उभी आहे. तिसऱ्या शुक्रवारी एवढंच घ्या: मुलांना दोन रकाने आखायला लावा आणि ऐकलेलं एकेक वाक्य कोणत्या धाग्याचं ते ठरवू द्या. चार वाक्यं पुरतात.

साताऱ्याची_उपासक

दोघांनीही मोबाइलवरच्या शंकेची बाजू पाहिली. खोट्या खात्रीनेही तितकंच नुकसान होतं, आणि मिरजेत तर जास्तच, कारण दवाखान्यांचं गाव. रोग्याच्या नातेवाइकांना कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘देवाने मला दाखवलंय, आई बरी होणार.’ आई जाते. मग म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडला. नर्सिंगची मुलं हे वॉर्डात बघतात आणि त्यांच्या शंकेचं मूळ अनेकदा इथेच असतं, कुठल्याही फ्रेंच तत्त्वज्ञात नव्हे. म्हणून एक पूर्ण शुक्रवार यासाठी ठेवा. २ तीमथ्य ४:२० वाचा: पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी असतानाच मिलेत शहरात सोडलं. पौलाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल का? मग स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, पुढे सावरून घेणारी ओवी नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वाचून झाल्यावर त्याला गोड शेवट जोडू नका.

दुसरं, परदेशी नावांआधी आपली माणसं घ्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि त्यानंतरही त्र्यैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवपण यांवर त्यांनी तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून सरळ वाद घातला. पटल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. पण त्या प्रश्नातच मुक्काम ठोकून राहिल्या नाहीत. शास्त्र हातात धरूनच विचारत गेल्या आणि पुढे पुरं बायबल मराठीत आणलं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. दार उघडं होतं, पण दरबार कुणाचा याबद्दल टिळकांच्या मनात तीळमात्र संदिग्धता नव्हती. उंबरठा सैल आणि केंद्र पक्कं, अशी मांडणी आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे.

मिरजेची_ताई

खूप आभार. दोन अडचणी. एखाद्याने पुनरुत्थानावरच शंका घेतली, म्हणजे पहिल्याच थरावर, तर? आणि कमिटीला काय सांगू?

कृष्णाकाठचा_पाळक

विचारू द्या. योहान २० मध्ये शिष्य थोमा ‘विश्वास धरणारच नाही’ म्हणाला, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्यांबरोबर त्याच घरात होता. कुणी बाहेर काढलं नव्हतं. मत्तय २८:१७ मध्येही कित्येकांना संशय आला, आणि महान आज्ञा (सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, ही) त्यांनाही मिळाली. विचारणाऱ्याला शेवटच्या प्रार्थनेत सामील करा, मार्क ९:२४ मधलं, आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाचं वाक्य त्याला देऊन: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ मात्र शंका असलेल्या मुलाला वर्गात बसवणं वेगळं आणि वर्ग घ्यायला देणं वेगळं. याकोब ३:१ शिकवणाऱ्यांवर जास्त जबाबदारी टाकतं. शंका पहिल्या थरावरची असेल तर त्याच्याकडे वाचन द्या, गाणी द्या, शिकवणं सध्या नको.

कधी कधी प्रश्न उत्तरासाठी नसतोच, दर आठवड्याला नुसता बदलत जातो. तेव्हा त्याच मुलाला म्हणा, ‘गेल्या आठवड्याचा प्रश्न आधी संपवू. कोणती ओवी वाचलीस?’ बिरुया गावातले लोक दररोज शास्त्रात शोध करत, प्रेषितांची कृत्ये १७:११. शोधणारा असेल तर वाचून येतो.

कमिटीकडे तोंडी जाऊ नका. आठ उताऱ्यांची यादी आणि पहिल्या थराचा मजकूर एका पानावर लिहून मालिकेच्या आधी द्या, नाहीतर एखादी चिठ्ठी तिसऱ्याच कुणाच्या तोंडून त्यांच्या कानावर जाईल आणि चौथ्या शुक्रवारी वर्ग बंद पडेल. तिसऱ्या आणि सहाव्या शुक्रवारी कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांना बोलवा. पाचातली एक चिठ्ठी त्यांनी वाचायची, उत्तर देण्याआधी मुलांना दोन मिनिटं बोलू द्यायचं, एवढं त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर ओळखू येतं, म्हणून त्या दोन दिवशी सगळ्या चिठ्ठ्या तुम्ही स्वतःच्या अक्षरात उतरवून काढा.