नाताळच्या जेवणात हुलग्याचे शेंगोळे! तुमच्याकडे असं काय असतं?

नगरची_लेक

जय ख्रिस्त आणि सगळ्यांना नमस्कार.

यंदा २५ डिसेंबरचं जेवण पहिल्यांदाच आमच्या पुण्याच्या घरी आहे. माहेरचे नगरहून येणार, सासरचे वसईहून. अठरा-वीस पानं सहज होतील. मटण, पुलाव, केक यांची मला काळजी नाही. प्रश्न शेंगोळ्यांचा आहे.

आमच्या माहेरी नाताळच्या जेवणात हुलग्याचे शेंगोळे, म्हणजे कुळथाच्या पिठाच्या वळ्या लसणाच्या रश्श्यात शिजवलेल्या, असतातच. करंज्या, चकल्या, शंकरपाळे हा फराळ आमच्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती घरांत नाताळला होतो, त्याचं कुणाला नवल नाही. पण शेंगोळे म्हटलं की नगरचीच माणसं विचारतात, "सणाला? शेंगोळे?" कारण ते थंडीतल्या कुठल्याही संध्याकाळी करायचं, घरच्यांनी घरच्यांसाठी करायचं खाणं. पाहुण्यांना कुणी वाढत नाही.

आमच्याकडे ते आले १९७२ च्या दुष्काळात. आजोबा पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते, आणि पाळक दर रविवारी येऊ शकत नसत म्हणून छोट्या मंडळीची भक्तीही तेच चालवायचे. त्या साली खरीप हातचं गेलं, रब्बीचा तर पेराच झाला नाही. निम्मं गाव पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडायला. रेशनला मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, कामावरच्यांना सुकडी हा कोरडा खाऊ. नाताळ आला तेव्हा आजीकडे मडक्यात मागच्या सालचे हुलगे होते, एवढंच. तिनं ते जात्यावर दळले, लसूण-मिरचीचं वाटण घालून पीठ मळलं आणि भक्तीनंतर जेवढी माणसं दारात आली तेवढ्यांना शेंगोळे वाढले. मी तिला विचारलं होतं, भाकरी का नाही केली? म्हणाली, "भाकरी मोजून व्हती. रश्श्यात पाणी घालता येतं."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, ताटात मटण आलं, पण आजीनं शेंगोळे सोडले नाहीत. आईनंही नाही. आता माझी धाकटी बहीण म्हणते, "वसईच्या पाहुण्यांपुढे ते काळपट काय ठेवणार आहेस, बिर्याणी कर आणि मोकळी हो." मला ते अजिबात पटत नाही. बिर्याणी वर्षभर कुठेही मिळते.

तर मला सांगा: तुमच्या घरी नाताळच्या ताटात असा बाहेरच्यांना कोड्यात टाकणारा पदार्थ आहे का? तो आला कुठून? शेंगोळे मटणाच्या आधी वाढावेत की सोबत? आणि वीस माणसांचे एकदम करताना ते मोडू नयेत म्हणून काय करायचं?

आगाशीकर

ताई, वसईच्या माणसांची काळजी तुम्ही सोडाच. आमच्या ताटात काय काय असतं ते सासरी बघितलं असेलच.

इंदयाल, म्हणजे डुकराचं आंबट-तिखट मटण, आणि तळलेले फुगे तर सगळीकडे. फुग्यांचं पीठ माझी आई आजही ताडीवरच आंबवते. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि पीठ इतकं सैल की ते हाताच्या मुठीतून अंगठा आणि तर्जनीच्या मधून वर दाबून काढायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तोडून तेलात सोडायचं. तेलात पडलं की स्वतःच गोल होतं. मला चाळिशीत आल्यावरही ते आईसारखं जमत नाही, माझ्या फुग्यांना शेपट्या येतात.

पण आमच्या घरचा खास पदार्थ म्हणजे सुकेळी. हो, डुकराच्या मटणाशेजारी सुकेळी! राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात आठवडाभर वाळवायची, रात्री दव पडायच्या आत उचलायची, मग केळीच्याच वाळक्या सोपटात बांधून ठेवायची. रंग मधासारखा होतो आणि चावताना दाताला चिकटते. आमची राजेळीची वाडी होती तेव्हा पहिली सुकेळी नाताळलाच फोडायची असा बाबांचा नेम. आंबट-तिखट इंदयालचा एक घास, वर सुकेळीचा तुकडा. मुंबईचे पाहुणे पहिल्यांदा बिचकतात आणि मग सुकेळीच संपवतात.

वाडीच्या जागी आता इमारत आहे. सुकेळी आम्ही विकत आणतो, पण आणतोच. करणारी घरं कमी होत चालली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही शेंगोळे करा. आमच्या माणसांना इंदयालचा ठसका सवयीचा आहे, लसणाच्या रश्श्याला कोण नाही म्हणणार?

मिरजकर

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. नाताळ हा आनंदाचा सण. दुष्काळातलं खाणं सणाच्या मुख्य जेवणात कशासाठी? आमच्या आजोबांनीही मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पण ते म्हणायचे, देवानं ते दिवस सरवले ना, मग त्या भाकरीला हात लावायचा नाही. मला वाटतं २४ तारखेला रात्रीच्या भक्तीहून आल्यावर घरच्यांनी गरम शेंगोळे खावेत. थंडीही असते. २५ ला मटण-पुलावच शोभतो.

ओतूरची_मावशी

मी ख्रिस्ती नाही, पण शेंगोळ्यांचं नाव वाचून राहवलं नाही. आमच्या जुन्नर भागात थंडी पडली की हे होणारच, म्हणून कामाचं तेवढं सांगते.

नुसत्या हुलग्याच्या पिठाचे वीस माणसांचे करू नकोस गं, गर्दी झाली की तुटतात. पावशेर हुलग्याच्या पिठाला दोन मुठी गव्हाचं पीठ घाल. लसूण, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून पिठातच, आणि तेवढंच वाटण फोडणीला वेगळं ठेव. पीठ घट्ट मळ, अगदी घट्ट. मग तेलाच्या हातानं पोळपाटावर करंगळीएवढी वळी वळायची, तिची दोन टोकं जोडायची किंवा नुसती मुरडायची. सगळे आधी करून ताटात पसरून ठेव, वर ओलं फडकं नको, चिकटतात.

पाण्याला सणसणून उकळी आली पाहिजे. त्यात थोडे थोडे सोडायचे आणि लगेच डाव घालायचा नाही! उकळीनं ते स्वतः वर येतात, तोवर हात बांधून उभं राहायचं. मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. एक मोडून बघ, आत कोरडं पीठ दिसलं तर अजून ठेव. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी ओत, रस्सा दाट होतो. शेंगदाण्याचं कूट आवडत असेल तर घाल, मी घालते.

एक मोठं पातेलं करण्यापेक्षा दोन मध्यम कर. आणि गरमच वाढ, निवले की रस्सा पिऊन फुगतात.

कोल्हापूर_ते_क्राकूव्ह

मिरजकर दादांच्या मुद्द्यावर थोडं लिहितो. माझी बायको पोलिश आहे. इथे पोलंडमध्ये मुख्य जेवण २४ डिसेंबरच्या संध्याकाळचं. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही, टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत ठेवतात आणि एक पान जास्तीचं मांडतात, अचानक कुणी आलं तर त्याच्यासाठी. पदार्थ बारा आणि त्यात मांस अजिबात नाही. बीटचं आंबटसर सार, त्यात मशरूम भरलेल्या चिमुकल्या मोदकांसारखं काहीतरी, आणि कार्प मासा.

माझ्या सासूबाईंचं घराणं मूळ पूर्वेकडचं, जो भाग महायुद्धानंतर पोलंडमध्ये राहिला नाही. त्यामुळे त्यांच्याकडे 'कुत्या' होतो. अख्खा गहू भिजवून, शिजवून, त्यात वाटलेली खसखस, मध, अक्रोड, मनुका. पहिल्यांदा वाटी हातात आली तेव्हा मी म्हटलं, ही तर आपली गव्हाची खीर, फक्त गूळ-दूध नाही! क्राकूव्हच्या पुष्कळ घरांत हा पदार्थ होतही नाही, शेजाऱ्यांना तो परकाच वाटतो. पण सासूबाईंच्या आईला घर सोडून यावं लागलं, आणि कुत्या केला नाही तर सण झाला असं त्या मानत नसत.

मी कोल्हापूरचा म्हटल्यावर सासूबाईंना आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव माहीत होतं, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून त्यांना रशियात हद्दपार केलं होतं, तिथून फिरत फिरत ते आपल्याकडे पोचले. पाच वर्षांचे नाताळ त्यांनी पंचगंगेच्या काठच्या मुलखात काढले. त्यातल्या कुणाला खसखस मिळाली असेल का, हे मी दर वर्षी कुत्या खाताना मनात आणतो. कोल्हापुरात ती मिळत होती, एवढं मात्र नक्की.

तर दादा, वाईट दिवसांतलं खाणं सणाला नको, हे प्रत्येक घराला लागू नाही.

मिरजकर

जास्तीच्या पानाचं फार आवडलं. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण नगरच्या ताईंच्या आजीनं दारात आलेल्यांना वाढलं, हे मी पहिल्या वाचनात नीट बघितलं नव्हतं. मग ते २५ लाच हवं.

नगरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, "हात बांधून उभं राहायचं" हे तर मी बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, कारण ती चुलीपाशी आली की पहिला डाव घालते.

असं ठरवलंय. चर्चहून सगळे परतले की आधी वाटीत शेंगोळे, मटणाच्या आधी, हातात हात घालून प्रार्थना झाल्याबरोबर. मोठ्या काकांना सांगणार आहे की आजीची गोष्ट तुम्ही सांगा, कारण ते तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि पातेलं धरायला तेच होते. त्यानंतर मटण, पुलाव आणि सासूबाई आणणार आहेत ते इंदयाल. जास्तीचं एक पानही मांडणार. आमच्या इमारतीचे रात्रपाळीचे वॉचमनकाका बीडचे आहेत, सुट्टी मिळत नाही म्हणून सणाला इथेच असतात. त्यांना विचारते.

आगाशीकर दादा, सासऱ्यांना सुकेळीचं विचारलं तर म्हणाले, लहानपणी खाल्ली होती, आता कुठे मिळते ठाऊक नाही. आगाशीच्या बाजारात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिळेल का? किलोभर हवी आहे. ते येताना घेऊन येतील.

आगाशीकर

मिळेल, पण किलोभर हवी तर आधी सांगून ठेवावं लागतं. सासऱ्यांना रविवारी सकाळी मिस्सा सुटल्यावर बाजारात या म्हणावं, लवकर. आणि घेताना सोपट उघडून दाखवायला सांगा. फार काळी पडलेली असेल तर गेल्या मोसमातली समजायची, घ्यायची नाही.