माणूस मेला केरळच्या समुद्रात, फाइल मिटली रोमला: परदेशात गुन्हा केलेल्या सैनिकाचा खटला कुणी चालवायचा?

रंकाळ्याकाठचा
काल संध्याकाळी रंकाळ्यावर चहाला चौघं बसलो होतो. विषय कुठनं कुठं गेला आणि एन्रिका लेक्सीवर येऊन अडकला. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १५ फेब्रुवारी २०१२. केरळच्या किनाऱ्यापासून २० सागरी मैलांवर इटलीच्या 'एन्रिका लेक्सी' या तेलवाहू जहाजावरच्या दोन नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या, आणि 'सेंट अँटनी' बोटीवरचे आपले दोन मच्छीमार गेले. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की हे इटलीचे सरकारी सैनिक, भारताला त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही, इटलीनं बघावं, भारताला भरपाई मिळेल. १० कोटी आले. दोन्ही घरांना चार-चार, बोटमालकाला दोन. जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं इथलं प्रकरण बंद केलं, जानेवारी २०२२ मध्ये रोमच्या न्यायाधीशानं तिथलं. साक्षीदार कुठल्याच पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

माझं मत सरळ आहे. माणूस जिथं मेला तिथल्या कोर्टात खटला. आपण कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी चाळीसेक वर्षं कशाला बोंब मारली? आमच्या वडिलांचा जमिनीचा दावा होता. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, दुपारी पुढची तारीख, रात्री परत गाडीत. १८ ऑगस्ट २०२५ ला इथं बेंच सुरू झालं तेव्हा बघायला वडील नव्हते. ज्यांना मुंबई लांब पडत होती त्यांनी मच्छीमाराच्या बायकोला रोमला जा म्हणावं?

माजी सुभेदार, टाकळी
काल चहाला मीच होतो. तिथं ओरडून झालं, इथं शांतपणे लिहितो.

पहिली गोष्ट, त्या दोघांतला एक चार वर्षं आपल्या देशात होता. खटला उभा राहिला का? केरळ चालवणार की केंद्र, कुठलं कलम लावायचं, यातच वेळ गेला. मग रोमला नावं कशाला ठेवता?

दुसरी गोष्ट. जवान परदेशात हौसेनं जात नाही, सरकार धाडतं. आजवर अडीच लाखांहून जास्त भारतीय संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून गेलेत. आमच्या गावात घरटी फौजी. उद्या एखादं पोरगं दक्षिण सुदानमध्ये ट्रक चालवताना कुणाला धडकलं, तर त्याला भाषा येत नाही अशा ठाण्यात सोडून यायचं? म्हणूनच शांतिसेनेच्या करारात लिहिलेलं असतं की सैनिकावर फौजदारी कारवाई त्याच्या देशानंच करायची. ही अट काढा, आणि कुठला देश माणसं पाठवतो ते बघू.

आणि आमचा कायदा बिनदाताचा नाही. लष्करी कायद्याचं कलम ७० वाचा. देशात जवानानं सामान्य नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला तर एरवी कोर्ट मार्शलला तो खटला चालवता येत नाही, साध्या कोर्टात जातो. देशाबाहेर केला तर मात्र कोर्ट मार्शल चालवू शकतं. ही सोय याचसाठी केलेली आहे.

उद्यमनगरवाला
दोघांचं पटतंय राव, माझंच काय चुकतंय कळंना.

काळा कोट
सुभेदारसाहेब, कलम बरोबर सांगितलंत. पण तुम्ही दोघं 'एकच देश' धरून बसलाय आणि व्यवहारात वाटणी होते. यजमान देश आणि पाहुणी फौज यांच्यात करार असतो, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'सोफा' म्हणतात. १९५१ च्या नाटो करारात तत्त्व असं: ड्युटीवर असताना झालेला गुन्हा असेल तर पहिला हक्क फौज पाठवणाऱ्याचा. ड्युटीबाहेर, स्थानिक माणसाविरुद्ध, तर यजमानाचा. जपानशीही अमेरिकेचं असंच आहे. १९९५ मध्ये ओकिनावात तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला. खटला जपानी कोर्टात चालला, साडेसहा-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या.

आता उलटं. १९९८, इटलीतलं कावालेसे. अमेरिकन लष्करी विमान फार खालून गेलं, रोपवेची तार तुटली, पाळण्यातली २० माणसं गेली. विमान ड्युटीवर, म्हणून खटला अमेरिकेत. मनुष्यवधातून वैमानिक सुटला. पुढं उड्डाणाची व्हिडिओ टेप नष्ट केल्याबद्दल सहा महिने झाले. गंमत बघा, १९९८ ला रोम ओरडत होतं ते बरोबर आपलं २०१२ चं भाषण.

उद्यमनगरवाला
नाव सोफा. बसणारे पाहुणेच, घरमालक उभा.

माजी सुभेदार, टाकळी
वकीलसाहेब, इटलीनं दोन्हीकडून ओरडावं आणि आम्ही मात्र साधू व्हावं?

ताराराणीची लेक
काका, साधू होऊ नका, पण ड्युटी होती की नव्हती हे ठरवतं कोण? आधी त्याचा वरिष्ठच लिहून देतो. १९५७ मध्ये जपानमध्ये काडतुसांच्या पुंगळ्या वेचणारी एक बाई अमेरिकन सैनिक जिरार्डच्या हातून मेली. आधी म्हणाले ड्युटीवर होता. मग जपानला द्यायला तयार झाले, तर तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कोर्टानं अडवलं नाही. जपान्यांनी काय केलं? तीन वर्षांची शिक्षा, तीही स्थगित. परक्या कोर्टात आपलं पोरगं फासावर जाईल ही भीती दर वेळी खरी नसते.

आणि २००८ मध्ये काँगोतल्या आपल्याच काही शांतिसैनिकांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले, ते संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनं गंभीर मानले होते. समजा आपल्या फौजेनं अगदी कडक कारवाई केली. काँगोतल्या त्या मुलीला ते कळणार कसं?

रंकाळ्याकाठचा
हेच म्हणत होतो मी. ताईंनी नीट मांडलं.

काळा कोट
पण ताई, जिरार्डचं उदाहरण तुमच्यावरही उलटतं. त्या बाईच्या घरच्यांना आपल्याच देशाच्या कोर्टात काय मिळालं? उलट २००६ मध्ये इराकच्या महमुदियात अमेरिकन सैनिकांनी एका मुलीवर बलात्कार करून तिच्यासकट घरातली चौघं मारली. त्यातल्या एकाला तोवर फौजेतून काढलेलं होतं. अमेरिकेतच केंटकीच्या साध्या कोर्टात त्याला जन्मठेप झाली, बाकीच्यांना कोर्ट मार्शलनं लांब शिक्षा दिल्या. त्यामुळं 'आपला देश सोडूनच देतो' हेही खरं नाही. देश कुठला यापेक्षा खटला खरंच चालवायचाय का, यावर जास्त अडतं. एन्रिका लेक्सीत कुणालाच चालवायचा नव्हता असं माझं खाजगी मत, शिव्या सावकाश द्या.

ताराराणीची लेक
शिव्या देत नाही, पण १९६८ मध्ये व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो माणसं मारली आणि दोषी ठरला एकटा लेफ्टनंट कॅली. जन्मठेप कागदावर. साडेतीनेक वर्षांत, तीही बहुतेक स्वतःच्या घरात नजरकैदेत काढून, सुटला.

माजी सुभेदार, टाकळी
पोरी, त्या कॅलीला फौजी म्हणू नकोस माझ्यासमोर.

काल रात्री झोप लागली नाही म्हणून लष्करी कायदा परत काढून बसलो. कलम १२४. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा खटला कुठंही चालवता येतो. बरॅकमध्येच भरवला पाहिजे असं नाही. तर त्या देशाची परवानगी घ्या आणि कोर्ट मार्शल त्याच गावात भरवा. दुभाषा ठेवा. मेलेल्याच्या घरच्यांना पुढच्या बाकावर बसवा.

रंकाळ्याकाठचा
आणि निकाल देणारे?

माजी सुभेदार, टाकळी
आमचेच अधिकारी.

रंकाळ्याकाठचा
मग पुढचा बाक काय न् मागचा काय.

माजी सुभेदार, टाकळी
त्यांचा वकील आत बसू दे, प्रत्येक कागद त्याला दाखवा, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दे. इथवर मी आलो. निकालाची खुर्ची सोडणार नाही. तुमचे वडील गाडीत रात्री काढत होते ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून एवढं तरी आलो.