व्हॅली फोर्जच्या झोपड्या बर्फात: कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवता?

एडिसनकर: शनिवारी बर्फ पडणार म्हणतायत, पहाटे न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघून पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला जावं म्हणतोय, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या वॉशिंग्टनच्या सैनिकांच्या त्या ओंडक्यांच्या झोपड्यांचे फोटो काढायला. बर्फ राखाडी येऊ नये म्हणून काय करता? आणि मित्र म्हणतो त्या झोपड्या ओरिजिनल नाहीतच, खरंय का?

खिडकीतला_कावळा: कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं कळत नाही, तो सगळं राखाडी करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर १ ते दीड स्टॉप (उजेडाची पायरी) वर ढकला आणि रॉमध्येच, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा. ऊन असेल तर सकाळचं तिरकं ऊन पकडा, ओंडक्यांचा खरखरीतपणा त्यातच दिसतो. आधी झोपड्यांना लांबून वळसा घाला, नाहीतर तुमच्याच बुटांचे ठसे फ्रेममध्ये. जादा बॅटरी आतल्या खिशात, आणि गाडीत बसायच्या आधी कॅमेरा झिपलॉकमध्ये बंद करा, नाहीतर दव धरतं.

जुनापुराणा: मित्र बरोबर बोलतोय, त्या नंतर बांधलेल्या प्रतिकृती आहेत. पण मापं वॉशिंग्टनच्या लष्करी हुकमातली बघून जा, १४ बाय १६ फूट, भिंत साडेसहा फूट आणि आत १२ माणसं! दार रस्त्याकडे, शेकोटी मागच्या भिंतीला. म्हणून दारात कुणालातरी उभं करा, नुसती झोपडी काढली तर ती किती लहान आहे ते कळत नाही. एक सांगतो, सैन्याने तिथे काढलेला १७७७-७८ चा तो हिवाळा चित्रात दाखवतात तेवढा बर्फाचा नव्हताच, तिथे जी जवळजवळ २००० माणसं गेली ती मुख्यतः रोगराईने, आणि त्यातली बरीचशी वसंतात. त्यामुळे फोटोखाली 'थंडीने गारठून मेलेले सैनिक' वगैरे लिहू नका राव.

मॉरिसची_मावशी: अहो पण बर्फच हवाय तर एडिसनहून न्यू जर्सीतच मॉरिसटाउनला असलेलं जॉकी हॉलो, सैन्याचा दुसरा तळ, जवळ नाही का! १७७९-८० चा हिवाळा खरा भयंकर होता, सैन्य तिथेच होतं. टेकडीवर मोजक्याच झोपड्या, त्याही प्रतिकृतीच, पण मागे नुसती झाडं. व्हॅली फोर्जला गाड्या आणि बर्फावरून घसरायच्या स्लेड घेऊन आलेली पोरं टाळत बसावं लागतं. फक्त आतला रस्ता उघडा आहे ना ते आधी बघा.

एडिसनकर: मावशी, हे डोक्यातच नव्हतं. ड्रोन चालेल का तिथे?

जुनापुराणा: दोन्हीकडे नाही, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या हद्दीत बंदी आहे. ट्रायपॉड न्या.